मिसळणाच्या डब्यात पवित्र आठवडा

वाचकाचं पत्र

माझं माहेर वसईचं, कॅथलिक. सासर नगरचं, प्रोटेस्टंट. आम्ही राहतो पुण्यात. मुलं तीन: थोरली ११ वर्षांची, मधला ७, धाकटी ४. गेल्या उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला, येशू क्रुसावर मेला त्या दिवशी) मधल्याला कुणीतरी सांगितलं, ‘तू खोटं बोललास की येशूच्या हातात एक खिळा जातो.’ महिनाभर तो रात्री उठून रडत होता. ‘यहूदी लोकांनीच मारलं ना येशूला?’ हेही त्याने विचारलं. धाकटीला क्रुसावरची मूर्ती पाहिली की भीती वाटते. थोरली म्हणते, चार शुभवर्तमानांत (मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांनी लिहिलेल्या येशूच्या चरित्रांत) चार प्रकारे लिहिलंय, मग खरं काय? मला क्रुसाची वाट ठाऊक (येशूच्या शेवटच्या प्रवासातल्या चौदा थांब्यांची प्रार्थना), सासूबाईंना सात उद्गार (क्रुसावरून येशू बोलला ती सात वाक्यं). त्या म्हणतात, वाटेत येशूचा चेहरा पुसणारी व्हेरोनिका बायबलात नाहीच. यंदा पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, रोज घरी थोडी थोडी गोष्ट सांगायचं ठरवलंय. सुरुवात कशी करू, किती सांगू, आणि शुक्रवारचं काय करू?

एक आई, पुणे

उत्तर

ताई, आधी मधल्याच्या मनातला खिळा काढू, बाकीचं नंतर.

त्यासाठी ईस्टरपर्यंत थांबू नका. दिवसाउजेडी, तो खाऊनपिऊन निवांत असताना जवळ घ्या आणि सरळ सांगा: ‘तुला ते सांगितलं ते चूक होतं. येशूला क्रुसावर एकदाच मारलं, फार फार वर्षांपूर्वी, रोमी शिपायांनी. तू आज काय बोलतोस त्याने त्याला खिळा लागत नाही. तो आता जिवंत आहे, त्याला कुणी मारू शकत नाही.’ एवढंच. त्याने चार दिवसांनी पुन्हा विचारलं तर हेच, याच शब्दांत सांगा. मुलं पुन्हा विचारतात ती बऱ्याचदा उत्तर बदललं नाही ना, हे तपासायला.

हे त्याची समजूत घालण्यापुरतं नाही, शास्त्राला धरून आहे. बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौल लिहितो की ख्रिस्त उठल्यावर पुन्हा मरत नाही, मरणाची त्याच्यावर सत्ता चालत नाही. ‘आपल्या पापांसाठी मेला’ ही मंडळीची श्रद्धा आहेच. पण सात वर्षांचं मूल प्रत्येक गोष्टीचा हिशेब मांडतं. एक खोटं, एक खिळा. हे गणित त्याच्या डोक्यात कुणी मांडून दिलं की ते रात्री चालूच राहतं. हे जिथे सांगितलं गेलं तिथल्या बाईंना किंवा सरांना शांतपणे भेटून सांगा. आणि घरात तो खोटं बोलला तर खोटं बोलल्याबद्दल रागवा. क्रूस मध्ये आणू नका.

आता आठवड्याचं. २०२६ मध्ये झावळ्यांचा रविवार २९ मार्चला, उत्तम शुक्रवार ३ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला आहे. म्हणजे परीक्षांचे दिवस. तासभराचे बेत आखलेत तर मंगळवारीच मोडतील. रोज दहा मिनिटं धरा: धाकटीसाठी दोन-तीन मिनिटांची पाच-सहा वाक्यं, मधल्यासाठी पाच-सात मिनिटांची गोष्ट, आणि थोरलीकडे पुस्तकातून वाचायचं काम. आदल्या रात्री तो उतारा तुम्ही मोठ्याने दोनदा वाचा. सांगताना पुस्तक मिटून मुलांकडे बघत आपल्या शब्दांत सांगा. मग थोरलीने त्यातल्या पाच-सहा ओव्या वाचायच्या. त्यामुळे आईने रंगवलेलं कुठलं आणि पुस्तकातलं कुठलं, हे लहानांनाही आपोआप कळतं.

शेवटी ‘मग यातून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न नको. तो आला की मुलं गोष्ट सोडून उत्तर शोधायला लागतात, आणि उत्तर ठरलेलं असतं: खोटं बोलू नये, आईचं ऐकावं. मधल्याला जो खिळा बसला तो असंच तात्पर्य ओढूनताणून लावण्याचा प्रकार होता. त्याऐवजी विचारा, ‘त्या गर्दीत तू कुठे उभा राहिला असतास?’ उत्तर आलं नाही तरी चालेल.

चार वर्षांच्या मुलीला हातात धरायला काहीतरी लागतं, म्हणून मिसळणाचा डबा घ्या. त्यात सात वाट्या असतात, आणि झावळ्यांच्या रविवारपासून शनिवारपर्यंत दिवसही सातच. रोजच्या वापरातला घेऊ नका, हळदीच्या वासाखाली बाकी सगळे वास मरतात. कडेच्या सहा वाट्या रविवार ते शुक्रवार, मधली वाटी शनिवारची. तिच्यावर पहिल्या दिवसापासून एक छोटी ताटली झाकून ठेवा. मुलं रोज तिच्याकडेच बघतील, बघू द्या. सामान आदल्या शनिवारीच जमवून एका पिशवीत तुमच्याजवळ ठेवा आणि वाटी त्या त्या दिवशी भरा. सगळं आधी भरून ठेवलंत तर रविवारी संध्याकाळपर्यंत धाकटी डबा उचकून मोकळी होईल.

रविवारची वाटी सोपी. चर्चमध्ये मिळालेल्या झावळीची वीतभर पट्टी कापून गुंडाळी करून ठेवा (मार्क ११:१-११). येशू यरुशलेमेत शिरताना लोक ‘होसान्ना’ ओरडले; त्याचा अर्थ जयजयकार असं मुलांना वाटतं. मूळ अर्थ ‘आम्हाला वाचव’ असा आहे, तो सांगा. राजा घोड्यावर येतो, हा गाढवाच्या शिंगरावर आला, हेही. उरलेली झावळी टाकू नका. कॅथलिक चर्चमध्ये पुढच्या वर्षीच्या राखेच्या बुधवारची (उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाची) राख अशाच वाळलेल्या झावळ्यांची करतात.

सोमवारी येशूने मंदिरातले सराफांचे चौरंग आणि कबुतरं विकणाऱ्यांच्या बैठका उलथल्या, त्यासाठी कबुतराचं एक पीस. गॅलरीत हवी तेवढी पडलेली असतात. साबणाने धुऊन उन्हात वाळवा. मंगळवारी गरीब विधवेने मंदिरात दान टाकलेल्या दोन टोल्या, म्हणजे बारीक नाणी (मार्क १२:४१-४४); त्यासाठी एक-एक रुपयाची दोन नाणी. चार वर्षांचं मूल नाणं तोंडात घालतं, म्हणून ही वाटी तुमच्याच हातात असू द्या, गोष्ट झाली की नाणी वर ठेवून द्या. हे दोन दिवस झटपट उरका. ताकद बुधवारपासून लागणार आहे.

बुधवारी बेथानीतल्या त्या बाईची गोष्ट, जिने येशूवर सुगंधी तेल ओतलं. मराठी बायबलात त्या तेलाचं नाव स्पष्ट आहे: जटामांसी. ही हिमालयातली वनस्पती. तिचं तेल तिथून यरुशलेमेपर्यंत जायचं, म्हणून इतकं महाग. काष्ठौषधींच्या दुकानात वाळलेली मुळं मिळतात. दहा ग्रॅम पुरे. दोन मोठे चमचे खोबरेलात घालून अगदी मंद आचेवर पाच मिनिटं ठेवा, गार करून गाळा. आच मोठी झाली की मुळं करपतात आणि नुसता जळका वास उरतो. त्या तेलाचा कापसाचा बोळा वाटीत ठेवा. वास मातकट, जड असतो; अत्तराची वाट पाहणारी मुलं नाक मुरडतील. मुरडू द्या. योहान लिहितो की त्या वासाने घर भरून गेलं होतं, आणि त्या संध्याकाळी तुमचंही भरलेलं असेल. किंमत सांगा: तीनशे दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराची दिवसभराची मजुरी. जवळजवळ वर्षभराची कमाई.

याच दिवशी यहूदा इस्कर्योताचा, पैसे घेऊन येशूला पकडून देणाऱ्या शिष्याचा, सौदा येतो. घरात जुनं मराठी भाषांतर असेल तर त्यात ‘तीस रुपये’ असं वाचायला मिळेल, आणि मधला म्हणेल, ‘एवढेच?’ हे आजचे रुपये नव्हेत, चांदीची नाणी आहेत, असं सांगा. थोरलीला निर्गम २१:३२ काढून दाखवा. बैलाने कुणाच्या दासाला शिंगांनी भोसकून मारलं तर बैलाच्या मालकाने द्यायची भरपाई तिथे नेमकी तेवढीच आहे. ती ते विसरणार नाही.

गुरुवार सगळ्यात जास्त हाताने करायचा दिवस. परात, तांब्याभर कोमट पाणी, पंचा. पाय आई-बाबांनी मुलांचे धुवायचे, मुलांनी मोठ्यांचे नव्हे. आपल्याकडे मोठ्यांचे पाय धुतात, पाहुण्याला पाय धुवायला पाणी देतात, हे मुलांना माहीत असतं. इथे शिष्यांचे पाय धुवायला गुरू, येशू, खाली बसलाय. हा उलटा प्रकार शब्दांनी समजावावा लागत नाही, वडील गुडघ्यावर बसून मुलाच्या बोटांमधली माती काढतात तेव्हा तो दिसतो. मग सासूबाईंकडे वळा. त्या बहुधा पाय मागे घेतील, ‘अगं, माझे कसले धुतेस!’ म्हणतील. नेमकं हेच येशूच्या शिष्याने, पेत्राने केलं. त्याच क्षणी थोरलीने योहान १३:६-८ वाचायचं. पाण्याचा तांब्या धाकटीच्या हाती देऊ नका, परातीऐवजी पूर्ण फरशी धुतली जाईल, पंचा द्या.

वाटीत चपातीचा तुकडा ठेवा. ‘बेखमीर’ म्हणजे खमीर न घातलेली, आणि आपली चपाती, भाकरी रोज बेखमीरच असते. ही गोष्ट मराठी मुलांना जितकी पटकन कळते तितकी पावावर वाढलेल्या मुलांना कळत नाही. ते जेवण यहूद्यांच्या वल्हांडण सणाचं. वल्हांडण म्हणजे ओलांडून जाणं: त्यांच्या पूर्वजांना मिसरातून (इजिप्तमधून) निघायची घाई होती, पीठ फुगायला वेळ नव्हता. चपाती वाटून खा, पण प्रभुभोजनाची वाक्यं म्हणू नका. तो विधी फादरांचा किंवा पाळकांचा. इथे माहेर-सासर दोघांचं एकमत होईल.

जेवणानंतर मुलांना गच्चीवर न्या. भिंतीवरच्या कॅलेंडरात २ एप्रिलला चैत्र पौर्णिमा आहे, हनुमान जयंती. वल्हांडण सण पुनवेच्या सुमारास येतो, आणि ईस्टरही २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो, म्हणूनच तो २२ मार्च ते २५ एप्रिल असा पुढेमागे सरकतो. त्यामुळे गेथशेमाने बागेतल्या त्या रात्रीही असाच भरलेला चंद्र असणार. जैतुनाच्या झाडांखाली उजेड-सावली. येशू जागा, शिष्य पेंगतायत, दुरून मशाली येतायत. चंद्राकडे बघत एवढंच सांगायचं. अटकेपाशी थांबा. धाकटी खांद्यावर झोपली असली तरी बिघडत नाही.

शुक्रवारी सुट्टी असते, त्याचा फायदा घ्या. या दिवसाची गोष्ट रात्री झोपताना सांगायची नाही, हा पहिला नियम. मार्कमध्ये वेळा दिल्या आहेत: तिसरा तास म्हणजे सकाळचे नऊ, तेव्हा क्रुसावर दिलं, सहावा म्हणजे बारा, तेव्हा अंधार पडला, नववा म्हणजे तीन, तेव्हा त्याने प्राण सोडला. मोठ्या दोघांना याच तीन वेळांना दोन-दोन मिनिटं सांगा. मध्ये त्यांना खेळू द्या. सलग सांगितलं की मधला पुन्हा त्याच भोवऱ्यात सापडेल.

किती सांगायचं? शुभवर्तमानकारांनी सांगितलं तेवढंच, आणि त्यांनी फार थोडं सांगितलंय. प्रत्यक्ष क्रुसावर देण्याला मार्कने अर्धं वाक्य दिलंय. फटके, रक्त, वेदना यांची वर्णनं आपल्या डोळ्यांपुढे येतात ती चित्रं आणि सिनेमे बघून. ती मुलांना दाखवू नका. खिळ्यांचंही तसंच. मूळ ग्रीकमध्ये त्या जागी ‘क्रुसावर दिलं’ अशा अर्थाचं क्रियापद आहे. मराठीत ‘खिळले’ म्हटल्यामुळे आपल्याला हातोडा ऐकू येतो. खिळ्यांच्या खुणांचा उल्लेख चारही शुभवर्तमानांत एकाच ठिकाणी येतो, योहान २०:२५ मध्ये, थोमा या शिष्याच्या तोंडी. मधल्याला ही ओवी स्वतः शोधून वाचू द्या. ज्या खिळ्याने त्याची झोप गेली तो गोष्टीत कुठे आहे, हे त्याने बोट ठेवून पाहिलेलं बरं: पुनरुत्थानानंतर, बंद दाराआड, जिवंत येशूच्या हातावर राहिलेली खूण म्हणून.

धाकटीसाठी सहा वाक्यं: ‘काही लोकांना येशू आवडत नव्हता. त्यांनी त्याला पकडून दिलं. शिपायांनी त्याला क्रुसावर मारलं आणि येशू मरण पावला. त्याची आई तिथेच होती, ती रडत होती. मग त्याला कबरेत ठेवलं आणि दाराला दगड लावला. पण रविवारी तो पुन्हा उठला, ते आपण रविवारी बघू.’ शेवटचं वाक्य शुक्रवारीच सांगायचं. मोठ्यांना दोन दिवस थांबवता येतं, चार वर्षांच्या मुलीला नाही. ‘झोपला’ हा शब्द वापरू नका, नाहीतर ती झोपायला घाबरेल. ‘मरण पावला म्हणजे काय?’ असं विचारलं तर: श्वास थांबला, अंग हलेना. वाटीत दोन आगकाड्या गुल काढून दोऱ्याने बांधलेल्या. खिळा नको, बाभळीचा काटाही नको.

‘देवाने त्याला का वाचवलं नाही?’ हा प्रश्न येईल, बहुतेक मधल्याकडून. लगेच प्रायश्चित्ताचं प्रवचन सुरू करू नका. येशूने स्वतः हाच प्रश्न विचारला होता, ‘एलोई, एलोई, लमा सबखथनी’, म्हणजे ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस?’, हे त्याला सांगा. स्तोत्र २२ ची ती पहिली ओळ आहे. थोरलीला ते स्तोत्र शेवटपर्यंत वाचायला द्या, ते रडण्याने सुरू होऊन स्तुतीपाशी पोचतं. प्रश्न तसाच राहिला तरी राहू द्या.

यहूदी लोकांचा प्रश्न मात्र अर्धवट सोडू नका. मराठीत एक जादाची अडचण आहे: यहूदा आणि यहूदी. सारख्या नावांमुळे मुलांना पकडून देणारा आणि सगळी जमात एकच वाटते. म्हणून नावं वेगळी काढून सांगा. येशू यहूदी होता. त्याची आई मरीया यहूदी, पेत्र यहूदी, योहान यहूदी, कबरेकडे गेलेल्या बायकाही यहूदी. क्रुसावर देणं ही रोमी शिक्षा होती आणि हुकूम दिला रोमी सुभेदार पोंतियस पिलाताने. काही धर्मपुढाऱ्यांनी येशूला त्याच्या हवाली केलं, सगळ्या लोकांनी नव्हे. येशूच्या दुःखसहनाचा दोष त्या काळच्या सरसकट सगळ्या यहूद्यांवर किंवा आजच्या यहूद्यांवर टाकता येत नाही, असं कॅथलिक चर्चने १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत स्पष्ट जाहीर केलं. आणि तुम्ही पुण्यात आहात. लष्कर भागातलं लाल देऊळ मुलांना बाहेरून दाखवा. ते डेव्हिड ससून यांनी बांधलेलं यहूद्यांचं प्रार्थनामंदिर, १८६७ सालचं. कोकणातल्या बेने इस्रायलांचंही सांगा: मराठी बोलणारे, घाण्यावर तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून ‘शनवार तेली’. हे नाव उद्याच्या वाटीला उपयोगी पडेल.

आता तुमचं आणि सासूबाईंचं. त्या बरोबर बोलतायत. व्हेरोनिका, तीन वेळा पडणं, वाटेत आईची भेट हे शुभवर्तमानांत नाही. ते परंपरेतून आलंय. त्यामुळे ते टाकून द्यायला हवं असं नाही, पण मुलांना ‘हे पुस्तकात आहे’ असंही सांगू नये. मधला मार्ग तयार आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ साली रोमच्या कलोसियममध्ये पूर्णपणे शास्त्रावर आधारलेली क्रुसाची वाट केली. स्थानकं चौदाच, पण सुरुवात गेथशेमानेपासून, आणि त्यात पेत्राचा नकारही येतो, क्रूस वाहणारा कुरेनेकर शिमोनही, क्रुसाजवळची आई आणि योहानही. घरातल्या घरात चौदापैकी पाच घ्या, पाच खोल्यांत किंवा पाच खुर्च्यांपाशी.

सात उद्गारांची उपासना बारा ते तीन चालते आणि सात जण बोलतात. सात वर्षांच्या मुलाला तीन तास बसवून ठेवणं त्याला आणि मागच्या बाकावरच्यांना, दोघांनाही शिक्षा. तिसरा उद्गार निवडा, ‘हा तुझा मुलगा, ही तुझी आई’. त्या वेळेला जाऊन दाराजवळ बसा, एक प्रवचन, एक गीत, आणि बाहेर. सासूबाईंना पूर्ण वेळ बसू द्या. धाकटीला मूर्तीपुढे नेऊन पायांचं चुंबन घ्यायचा आग्रह कुणी करत असेल तर नम्रपणे नाही म्हणा. तिला आधी आजीच्या चर्चमधला रिकामा क्रूस दाखवा, मग तुमच्याकडचा, लांबून, तुमच्या कडेवरून. ‘हा शुक्रवारचा, तो रविवारचा’ एवढं तिला पुरतं.

शनिवारी मधली वाटी उघडा, आत पांढऱ्या सुती कापडाची छोटी घडी ठेवा, पुन्हा झाका आणि वर मुठीएवढा दगड. गोष्ट नाही. त्या दिवशी काहीच घडत नाही. शब्बाथ (यहूद्यांचा विश्रांतीचा दिवस) होता, सगळे घरी बसले होते, शनवार तेल्यांसारखे. घाईघाईने शुक्रवारीच पुरलं ते याच कारणासाठी: शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळला की सुरू होतो. मधला बोटं मोजून म्हणेल, ‘तिसऱ्या दिवशी उठला’ म्हणतात, पण शुक्रवार ते रविवार तीन दिवस होतच नाहीत. त्याला सांगा की तिथे दिवस संध्याकाळी बदलतो आणि दिवसाचा तुकडाही पूर्ण दिवस धरतात. शुक्रवारचा शेवट एक, शनिवार दोन, शनिवारी सूर्य मावळल्यावर तिसरा सुरू.

मुलं झोपली की दगड बाजूला काढा, ताटली उलटी ठेवा, वाटी रिकामी करा. कापडाची घडी डब्याच्या कडेला वेगळी ठेवा. योहान २०:७ मध्ये डोक्याचा रुमाल असाच वेगळा, गुंडाळलेला सापडतो. रविवारी सकाळी धाकटीला आधी डब्याकडे जाऊ द्या. ती ‘यात काहीच नाही’ म्हणेल. तिच्या आधी कुणी बोलू नका, विशेषतः थोरलीने. चॉकलेटची अंडी त्यानंतर; आधी दिलीत तर वाटी कुणी बघणार नाही.

थोरलीचा प्रश्न रविवारी दुपारसाठी. एका आखीव कागदावर चार रकाने आखून द्या: मत्तय २८:१-१०, मार्क १६:१-८, लूक २४:१-१२, योहान २०:१-१८. कबरेकडे कोण गेलं, किती उजाडलं होतं, तिथे कोण भेटलं, पुढे त्यांनी काय केलं, हे तिने भरायचं. योहानमध्ये अजून अंधार आहे, मार्कमध्ये सूर्य उगवलाय. कुठे एक देवदूत, कुठे दोन, मार्कमध्ये ‘एक तरुण’. ‘सगळीकडे सारखंच आहे’ असं तिला सांगू नका, तिने आधीच वाचलंय. चौघांतही सारखं काय, ते तिला अधोरेखित करू द्या: आठवड्याचा पहिला दिवस, बाजूला झालेला दगड, रिकामी कबर, आणि प्रत्येक रकान्यात मग्दालीया मरीया. ज्या काळात बायकांच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती, त्या काळात चौघांनीही पहिल्या साक्षीदार बायकाच लिहिल्या. मार्कच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीपाशी, त्या बायका भ्याल्या होत्या इथेच संपतं, हेही तिला सांगून टाका. अकरा वर्षांच्या मुलीला असं काही आपल्या विश्वासाने सांगितलेलं आवडतं.

शेजारची मुलं डबा बघायला येतील. येऊ द्या, पण त्यांच्या आईला आधी विचारा, आणि प्रार्थनेच्या वेळी त्यांना हात जोडायला लावू नका.

सगळं एका आठवड्यात कोंबू नका. ईस्टरचा काळ पुढे पन्नास दिवस चालतो. सोमवारी अम्माऊस गावाची वाट: साधारण ११ किलोमीटर, दोन शिष्य उठलेल्या येशूबरोबर चालत आणि तरी त्याला न ओळखता. पुढच्या रविवारी थोमा, कारण योहानही ती गोष्ट आठ दिवसांनीच सांगतो. आणि मग एखाद्या सुट्टीच्या सकाळी योहान २१: रात्रभर जाळं रिकामं, पहाटे १५३ मासे, काठावर कोळशाचा विस्तव आणि भाजलेली मासळी. हा कोळशाचा विस्तव आधी एकदा येऊन गेलाय, प्रमुख याजकाच्या अंगणात, योहान १८:१८. पेत्र तिथे शेकत उभा होता, आणि त्या रात्री ‘मी येशूचा शिष्य नाही’ असं त्याने तीनदा सांगितलं होतं. इथे येशू त्याला तीनदाच विचारतो, ‘माझ्यावर प्रेम आहे का?’ तुमचं माहेर वसईचं. नाश्त्याला बांगडा भाजा आणि तो चुलीवर असतानाच सांगायला घ्या. खोटं बोलल्यावर येशू त्या माणसाशी काय करतो, हे मधल्याला इथे कुणी न सांगता दिसेल.